पत्रे वेळेवर पोहोचली होती

बीडची मंजुश्री सारडा फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न होऊन पुण्यात आली आणि ११ जूनच्या रात्री याच शहरातल्या एका सदनिकेत मरण पावली. संसाराचे वय चार महिने. शवविच्छेदनात पोटॅशियम सायनाइड सापडले. खून की आत्महत्या हा प्रश्न पुण्याच्या सत्र न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून दिल्लीला गेला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी त्याला निर्दोष सोडले. त्या निकालपत्रात न्या. फझल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या. त्यांना ‘पंचशील’ म्हणतात आणि फौजदारी वकिली करणाऱ्या कुणालाही त्या तोंडपाठ असतात. पुण्यातल्या एका नवविवाहितेच्या मरणातून निघालेला हा दाखला आजही देशात कुठे ना कुठे रोज वाचला जातो. त्यात तिचे नाव येत नाही. आडनाव तेवढे येते, तेही सासरचे.

निकालाची फेरतपासणी करण्याचा आमचा हेतू नाही. संशय कितीही दाट असला तरी पुराव्याच्या जागी तो चालत नाही, हे तत्त्व आम्हालाही हवे आहे. उद्या कुणाही निरपराध नवऱ्याच्या, सासूच्या, दिराच्या कामी तेच येणार आहे. आम्हाला त्या खटल्याच्या कागदपत्रांतली पत्रे अस्वस्थ करतात. मंजुश्रीने पुण्याहून आपल्या बहिणीला आणि ‘वहिनी’ म्हणून जिला हाक मारत असे त्या मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. त्यांतले शेवटचे ८ जूनचे. मरणाच्या तीन दिवस आधीचे. मृत्युशय्येवर दिलेली नसली तरी ही पत्रे मृत्युपूर्व निवेदन म्हणून पुराव्यात घेता येतात, असे न्या. फझल अली यांनी मानले आणि त्या संकल्पनेची कक्षा रुंदावली. पण त्याच पत्रांतून त्यांना एका हळव्या, खचलेल्या मुलीचे मन दिसले आणि ती आत्महत्याही असू शकते, ही शंका उरली. फिर्यादी पक्षाने तिच्या भीतीचा पुरावा म्हणून पुढे केलेला कागद बचावाच्याही कामी आला.

पत्रे वेळेवर पोहोचली होती. टपालखात्याकडून कसूर झाली नव्हती. वाचणाऱ्यांनाही बोल लावता येत नाही, कारण १९८२ साली असे पत्र हाती पडल्यावर ते घेऊन जायचे कुठे, याला उत्तर नव्हते. हुंडाबंदीचा १९६१ चा कायदा होता. पण सासरी होणाऱ्या छळाला भारतीय दंडसंहितेत स्वतंत्र कलम नव्हते. बाई जिवंत असेपर्यंत तो ‘घरातला प्रश्न’ आणि ती मेली की एकदम खून. मधल्या साऱ्या मुलखाला कायद्यात शब्दच नव्हता. ४९८-अ हे कलम लागू झाले २५ डिसेंबर १९८३ रोजी, मंजुश्रीला जाऊन दीड वर्ष झाल्यावर. लग्नापासून सात वर्षांच्या आत विवाहितेने जीव दिला आणि सासरी छळ झाल्याचे दिसले, तर तिला प्रवृत्त केले गेले असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयांना मिळाली तीही त्याच दुरुस्तीने.

ही कलमे आपोआप आलेली नाहीत, हे पुण्याने विसरू नये. मंजुश्री गेली त्याच वर्षी विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शहरात नारी समता मंच उभा केला. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन घेऊन ही मंडळी गावोगाव फिरली. पुढे मंचाने पीडित बायकांसाठी केंद्र काढले, त्याचे नाव ‘बोलते व्हा’. नाव सुंदर आहे आणि त्या काळी ते गरजेचेही होते. आज मात्र ते वाचताना आम्हाला अडखळायला होते. बायका बोलत नाहीत ही आता आपली अडचण राहिलेली नाही. बोलणे ऐकून त्याचे काय करायचे, हे ठरवायला आपण तयार नाही.

ब्रिटिश दूरचित्रवाणीने हा विषय कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. २००९ साली बीबीसीवर ‘क्रिमिनल जस्टिस’ या मालिकेचे दुसरे पर्व आले. लेखक पीटर मोफॅट हे स्वतः बॅरिस्टरी करून लेखनाकडे वळलेले. एका नामांकित, सभ्य, लोकांच्या कौतुकातल्या वकिलाला त्याची बायको रात्री अंथरुणात सुरा मारते. खून कोणी केला हे पहिल्या तासातच कळते, त्यामुळे रहस्य तिथे नाहीच. ते आहे तिच्या गप्प राहण्यात. शयनगृहात काय होत होते ते तिच्या तोंडून निघता निघत नाही, आणि निघते तेव्हा ऐकणाऱ्याला ते ‘इतकेच?’ असे वाटण्याचा धोका असतो. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षी, हेच कथानक मुंबईत आणून हिंदी मालिका निघाली. कीर्ती कुल्हारीची अनु चंद्रा आणि पंकज त्रिपाठींचा माधव मिश्रा अनेकांनी घरात बसून पाहिले. दोन्ही मालिकांतली बाई जवळजवळ तेच सोसते. कायदा मात्र दोघींच्या पाठीशी सारखा नाही, आणि हा फरक हिंदी मालिका पाहणाऱ्या किती जणांच्या लक्षात आला, कोण जाणे. ब्रिटिश नायिका जे सांगते त्याला तिच्या देशात १९९१ पासून बलात्कार म्हणतात. अनु चंद्रा जे सांगते त्याला भारतात आजही तसे म्हणता येत नाही.

‘लग्न करताना बाईने संमती एकदाच दिली, ती परत घेता येत नाही’ हे सूत्र सतराव्या शतकातले इंग्लंडचे सरन्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांचे. इंग्रज ते इथे घेऊन आले आणि १८६० च्या दंडसंहितेत अपवाद म्हणून घालून गेले. १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते सूत्र मोडीत काढले. आपण मात्र १ जुलै २०२४ रोजी, गुलामीची चिन्हे पुसण्याच्या घोषणा देत, दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आणली आणि कलम ६३ मध्ये तो अपवाद पुन्हा लिहून काढला. पत्नीचे वय तेवढे अठरा केले, आणि तेही २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने आधीच वाचून दिले होते म्हणून. हा अपवाद काढून टाका, असे न्या. वर्मा समितीने २०१३ मध्ये सांगितले होते. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची दोन मते पडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि सरन्यायाधीशांची निवृत्ती तोंडावर आल्याने पुढे ढकलली गेली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितले होते की, पतीच्या अशा कृत्याला बलात्कार ठरवणे अति कठोर होईल. त्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, छत्तीसगड उच्च न्यायालयाने एका पतीला सोडले. त्याच्या पत्नीचा त्याने केलेल्या अनैसर्गिक कृत्यानंतर मृत्यू झाला होता आणि तिने मरण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांसमोर जबानी दिली होती. तिचे म्हणणे न्यायाधीशांपर्यंत पोहोचले. अपवादाच्या भिंतीवर आपटून ते खाली पडले.

पुण्याला ही भिंत नवी नाही. ‘नांदणे’ हा शब्दच घ्या. किती मायेचा शब्द. ‘नांदा सौख्य भरे’ म्हणून आपण आशीर्वाद देतो. याच शब्दाचा दावा होतो, तेव्हा त्याला दात फुटतात. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर मुंबईत जो दावा लावला तो नांदायला येण्याचा होता. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न तिला मान्य नव्हते. मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सुनावले, तेव्हा तिने तुरुंगात जायची तयारी दाखवली. पुण्यातल्या ‘केसरी’ने तिच्यावर कोरडे ओढले. चार वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाचे बिल आले. विवाहित मुलींसाठीही शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारावर नेणारे ते बिल, आणि त्यावरून याच शहरात सुधारक आणि सनातनी यांच्यात जी जुंपली ती अजून इतिहासाच्या पुस्तकांत गाजते. टिळकांचे मोठेपण मान्य करूनही सांगायला हवे की, त्या दोन्ही वेळा ते चुकीच्या बाजूला उभे होते. रखमाबाईंवर ज्याचा बडगा उगारला गेला तो वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा दावा इंग्लंडने १९७० मध्ये रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो अजून आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला तोही १९८४ मध्येच, सारडा निकालानंतर महिनाभराच्या आत. योगायोग म्हणून सोडून द्यावे, तर तो फार नेमका आहे.

आता मुद्द्याचे. ही घंटा आम्ही आत्ताच का वाजवतो आहोत?

शिवाजीनगरला न्यायालयाच्या आसपास झेरॉक्सच्या कुठल्याही दुकानात सकाळी दहा-साडेदहाला तासभर उभे राहून पाहा. एखादी मुलगी, सोबत बहुतेक वेळा भाऊ किंवा आई, प्लॅस्टिकच्या पिशवीत लग्नाचा अल्बम, दवाखान्याचे केसपेपर्स, दागिन्यांच्या पावत्या. मोबाईलमधले व्हॉट्सअ‍ॅप संदेश ती एकेक करून दुकानातल्या पोऱ्याला पाठवते, तो छापत जातो. ‘ताई, ह्यात तारीख दिसत नाहीये, परत स्क्रीनशॉट काढा,’ तो सांगतो. त्याने असे शेकडो संसार छापलेले असतात. तो वाचत नाही, वाचले तरी चेहरा हलत नाही. आवाजी निरोप छापता येत नाहीत, ते पेनड्राइव्हवर घ्यायचे, आणि सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडायचे, ज्याला वकील अजून जुन्या सवयीने ‘पासष्ट-ब’च म्हणतात. गठ्ठ्यात शिव्या असतात, पैशांच्या मागण्या असतात, ‘जेवलीस का’ही असते. आणि त्यातच, नीट शोधले तर, माहेरच्या कुणाचा तरी एखादा निरोप हमखास असतो: थोडे सांभाळून घे, दिवाळीपर्यंत काढ, मग बघू.

मंजुश्रीची पत्रे मोजकी होती. आजच्या मुलीची पत्रे शेकड्याने आहेत, तारीख, वेळ आणि दोन निळ्या खुणांसकट. पोहोचली आणि वाचली गेली, याचा पुरावा आता पत्रासोबतच मिळतो.

मुळशीतल्या भुकूमच्या घराचे उदाहरण ताजे आहे. १६ मे २०२५ रोजी तिथल्या धाकट्या सुनेचा मृत्यू झाला आणि मग महाराष्ट्राला एकेक गोष्ट कळत गेली: एप्रिल २०२३ मधले थाटाचे लग्न, ५१ तोळे सोने, चांदी, फॉर्च्युनर गाडी, मांडवात आलेली राजकीय मंडळी. सासरे सत्ताधारी पक्षाचे स्थानिक पदाधिकारी, आठवडाभर पोलिसांना सापडले नाहीत. खटल्याचा निकाल लागायचा आहे आणि तो न्यायालयच लावेल. आम्ही इथे कुणाला दोषी ठरवत नाही. पण एक गोष्ट निकालावर अवलंबून नाही. त्याच घरातल्या थोरल्या सुनेने नोव्हेंबर २०२४ मध्येच मारहाणीची तक्रार केली होती. ती पौड पोलीस ठाण्यात होती, राज्य महिला आयोगापर्यंतही गेली होती. आयोगाने ती पोलिसांकडे धाडली. धाडली म्हणजे काम झाले, अशी आयोगाची समजूत असेल तर त्याचे नाव बदलून टपाल कार्यालय ठेवावे. निदान टपाल कार्यालय पोच देते. सहा महिने त्या घरावरचा आरोप सरकारी कागदावर होता. त्या सहा महिन्यांत त्या घरात आणखी एक सून राहते, तिला कोणी जाऊन विचारावे, हे कुणाचे काम होते? खरे उत्तर असे की, ते कुणाचेच नव्हते.

पोलीस ठाण्यातली भाषा ज्यांनी ऐकली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. ‘एनसी करून घेऊ.’ ‘दोघांना बोलावून घेऊ.’ ‘लेकरू लहान आहे, विचार करा.’ ठाणे अंमलदार दुष्ट असतो म्हणून असे बोलतो असे नाही. त्याच्यापुढे दिवसाला अशी चार प्रकरणे येतात, त्यांतली दोन आठवड्याने मिटतात, एक मागे घेतले जाते. त्याचा अनुभव त्याला सांगतो की घाई करू नये. चौथे कोणते, हे ओळखण्याचे साधन मात्र त्याला कोणी दिलेले नाही. पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे, समुपदेशक आहेत, त्यांतल्या काहींचे काम आम्ही आदराने पाहिले आहे. पण समुपदेशन हे भांडणावरचे औषध आहे. गळा धरणाऱ्या हातावर ते चालत नाही. गळा दाबल्याची तक्रार आणि भाजीत मीठ जास्त झाल्याची तक्रार एकाच बाकावर बसवून ‘दोघांनी थोडे नमते घ्या’ म्हणणे याला समुपदेशन म्हणत नाहीत.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने, जो २००६ च्या ऑक्टोबरात अमलात आला, अर्जाची पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करा, असे सांगितले आहे. साठ दिवसांत अंतिम आदेश हाती पडलेली बाई वाचकांना माहीत असेल, तर त्यांनी आम्हाला जरूर कळवावे. तिची मुलाखत छापू.

आणि अशा वेळी वारे कुठल्या दिशेने वाहते आहे? २२ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका वैवाहिक वादात निकाल देताना अलाहाबाद उच्च न्यायालयाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे कायम राहतील आणि अमलात आणावीत असे सांगितले. या तत्त्वांप्रमाणे ४९८-अ ची तक्रार आली की दोन महिने ‘शांतता काळ’: अटक नाही, पोलिसांची सक्तीची कारवाई नाही, प्रकरण आधी कुटुंब कल्याण समितीकडे. अशीच समिती सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये आणली होती आणि त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१८ मध्ये ती रद्द केली होती. सात वर्षांनी ती मागच्या दाराने परत आली आहे. ही तत्त्वे मूळ उत्तर प्रदेशची. महाराष्ट्राला ती कितपत बांधतात यावर कायदेपंडित वाद घालतील. ठाण्यातला अंमलदार वाद घालणार नाही. त्याला ‘थांबा’ एवढाच शब्द ऐकू येईल, आणि तो शब्द त्याला हवाच होता.

दोन महिने म्हणजे किती, ते मंजुश्रीच्या तारखांवर मोजून पाहावे. तिचा सगळा संसारच चार महिन्यांचा. शेवटच्या पत्रानंतर तिला तीन दिवस मिळाले.

या कायद्याचा गैरवापर होतो, असे आम्हाला लगेच सांगितले जाईल. होतो. सासरच्या दूरच्या नणंदा, परगावी राहणारे दीर, ऐंशी वर्षांची आजेसासू यांची नावे फिर्यादीत घुसडण्याची चाल वकिलांना ठाऊक आहे आणि काही जण ती बिनदिक्कत खेळतात. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याने मरण्यापूर्वी दीर्घ चित्रफीत आणि चिठ्ठी मागे ठेवली तेव्हा देश हादरला. हादरायलाच हवे होते. तोही पत्रच लिहून गेला होता, आणि तेही मेल्यावर वाचले गेले. पण उठसूट अटक होऊ नये, याची तजवीज सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ च्या निकालात करून ठेवलीच आहे: अटक का हवी याची कारणे पोलिसांनी लिहून द्यायची, दंडाधिकाऱ्यांनी ती तपासायची. ती तजवीज पाळली तर निरपराध नवऱ्याचेही रक्षण होते आणि खऱ्या तक्रारीची चौकशीही थांबत नाही. खोटी तक्रार ओळखायचा मार्ग एकच आहे, ती ताबडतोब तपासणे. दोन महिने तिला झाकून ठेवल्याने खोटी खरी होत नाही की खरी खोटी. पुरावा तेवढा शिळा होतो आणि साक्षीदारांना फोन जातात.

उलट टोकाला, जुलै २०२५ च्याच १४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नींनी एकमेकांचे चोरून केलेले ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल, असे ठरवले. पाळत ठेवण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर विश्वास आधीच उडाला आहे, असे न्यायालयाचे म्हणणे, आणि ते व्यवहार्य आहे. पण दोन निकाल शेजारी ठेवले तर चित्र विचित्र दिसते. संसार मोडताना उशीखालचा मोबाईल चालेल. जीव वाचवायला धावत आलेल्या बाईचे तोंडी म्हणणे मात्र दोन महिने थंड करायला ठेवायचे.

ब्रिटनकडून आपण एक कायदा उसना घेतला आणि दीडशे वर्षे जपला. त्यांनी तो टाकून दिल्यावर पुढे काय केले, तेही पाहू या. २०१५ मध्ये त्यांनी घरातल्या धाकदपटशाला गुन्हा ठरवले. मारहाण नको, जखम नको. बायकोचा पैसा, फोन, मैत्रिणी, कपडे, जेवण यांवर सतत ताबा ठेवून तिला दहशतीत राहायला लावणे एवढे पुरे. त्यानंतर वर्षभरात ‘आर्चर्स’ या जुन्या रेडिओ मालिकेत हेलन नावाच्या पात्राची अशीच गोष्ट चालली आणि घरोघरी त्यावर चर्चा झाली. सॅली चॅलन या बाईने २०१० मध्ये नवऱ्याला हातोडीने मारले होते, तिला जन्मठेप झाली होती. २०१९ मध्ये तिचा अनेक वर्षांचा जाच लक्षात घेऊन खुनाचा ठपका रद्द झाला आणि ती बाहेर आली. तिचे कृत्य योग्य होते, असे कुणी म्हणाले नाही. तिच्या संसाराला काय म्हणायचे, हे तोवर त्या देशाला कळले होते.

आपल्या मराठी मालिकांकडे या बाबतीत वळून पाहावे आणि मुकाट्याने परत फिरावे. तिथे सोशीक सुनेला शेवटी देव्हाऱ्यासमोर न्याय मिळतो, साधारण आठशेव्या भागात. १९८२ साली, ज्या वर्षी मंजुश्री गेली, जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला होता आणि सुलभा महाजन घराचा उंबरठा ओलांडून निघून गेली होती. त्यानंतर आपल्या पडद्यावर बहुतेक वर्दळ उंबरठ्याच्या आतच राहिली. हे अवांतर झाले. पण मुली काय पाहत वाढतात आणि त्यांच्या आया त्यांना काय सांगतात, यांचा एकमेकांशी संबंध नाही असे आम्हाला वाटत नाही.

कारण या सगळ्या साखळीची पहिली कडी पोलीस ठाण्यात नाही, माहेरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या दर दहांपैकी जवळपास तीन स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणारी सातांत जेमतेम एक होती. जी मागते ती आधी माहेरी मागते. तिचा फोन रात्री अकराला येतो, आवाज दबका असतो, बाथरूममध्ये नळ सोडलेला ऐकू येतो. त्या पाच मिनिटांत माहेर जे उत्तर देते ते पुढच्या प्रत्येक कार्यालयात तिच्या पाठीशी किंवा तिच्या विरोधात उभे राहते. ‘इतके होत होते तर आधी का नाही बोललात?’ हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न असतो. ती बोलली होती. ‘थोडे दिवस काढ’ म्हणणारे आता साक्षीदारांच्या यादीत असतात, तिच्या बाजूने, आणि वकिलाला नेमके तेच हवे असते.

सरकारकडून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण या तिन्ही पोलीस दलांनी विवाहितांच्या किती तक्रारी गेल्या वर्षात आल्या, किती एनसीवर मिटवल्या, किती समुपदेशनाला धाडल्या आणि त्यांतल्या किती जणी पुन्हा आल्या, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करावे. ज्या घरावर एका सुनेची तक्रार आहे त्या घरातल्या दुसऱ्या बाईची भेट घेणे संरक्षण अधिकाऱ्याला बंधनकारक करावे. ‘शांतता काळा’ची ती तत्त्वे या राज्यात लागू नाहीत, असे गृहखात्याने लेखी परिपत्रकाने स्पष्ट करावे, आणि लागू आहेत असे त्याला वाटत असेल तर तेही लपवू नये. वैवाहिक बलात्काराच्या अपवादाबद्दल महाराष्ट्राचे स्वतःचे मत काय, हे सर्वोच्च न्यायालयात कळवावे. रखमाबाईंच्या, आगरकरांच्या राज्याला या विषयावर मत नाही, असे होऊ नये.

आणि वाचकांनो, मंडप, वाजंत्री, मानपान सांभाळून लेकीची पाठवणी केली असेल, तर तिच्या खोलीची चावी आठवणीतल्या कपाटात ठेवू नका, तिच्या हातात द्या. महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२. हे आकडे लेकीला पाठ असतीलच. तुमच्या फोनमध्ये आहेत का ते आज बघा, आणि तिचा शेवटचा निरोप कुठला होता तोही पुन्हा एकदा वाचा.